मार्गशीर्षातले चार गुरुवार

रविवार, ३० नोव्हेंबर १९८६

पोचलो एकदाचे! न्यू जर्सीहून निघून आज पाचवा दिवस. पिस्कॅटवेचं घर विकून आम्ही हे सत्तावीस फुटी मोटरहोम घेतलं, तेव्हा मंडळातल्या सगळ्यांनी आम्हाला वेड्यात काढलं होतं. काढू देत. शैलेंद्रचं काम कॉन्ट्रॅक्टचं. जिथला पॉवर प्लांट दुरुस्तीसाठी बंद होतो तिथे तीन-चार महिने जाऊन राहायचं. दोन वर्षं तो एकटा मोटेलमध्ये राहिला आणि मी इकडे दीपाला घेऊन भिंतींशी बोलत बसले. शेवटी मीच म्हटलं, आता जाऊ तिथे सगळे जाऊ, घरासकट.

मिनेसोटातलं हे तळ्याकाठचं कॅम्पग्राउंड हिवाळ्यातही उघडं असतं, कारण प्लांटवरची माणसं इथेच मुक्कामाला. आमची धरून अकरा घरं, सगळी चाकांवरची. मॅनेजरीण जून म्हणून साठीची बाई आहे, आवाज खणखणीत. आम्ही ब्रेक लावतो न लावतो तोच साखरेच्या कुकीजचं ताट घेऊन हजर. प्रत्येक गाडीवर ख्रिसमसचे दिवे लागलेत. शैलेंद्रने दिवसभर खपून गाडी ठोकळ्यांवर चढवली, खालून वारा शिरू नये म्हणून भोवती पेंढ्याचे भारे रचले, पाण्याच्या नळीला विजेची गरम पट्टी गुंडाळली. मार्चपर्यंत हे घर जागचं हलणार नाही.

चार वर्षांच्या दीपाने ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या बिछान्यावर कब्जा केला आणि जाहीर केलं, "धिस इज माय अपस्टेअर्स." मी रोजनिशी लिहायला घेतली आहे. एवढ्याशा जागेत नवऱ्याशी भांडण झालं तर पाय आपटत जायला दुसरी खोली नाही, तेव्हा वहीतच जाईन.

मंगळवार, २ डिसेंबर

मार्गशीर्ष लागला. आईने पोस्टाने धाडलेल्या कॅलेंडरात बघितलं, तर यंदा चार गुरुवार आणि चौथा नेमका पंचवीस डिसेंबरला! म्हणजे उद्यापन आणि ख्रिसमस एकाच दिवशी. मला इतका आनंद झाला की ऑफिसजवळच्या पब्लिक फोनवरून लगेच ईडन प्रेरीला पद्मिनीकाकूंना फोन केला. काकू आणि बाळकाका आमच्या आधी वीस वर्षं आलेले, इथून तासाभरावर राहतात. सवाष्ण म्हणून जेवायला या म्हटलं, तर काकू म्हणाल्या, "अगं उत्तरा, पुरण शिजवायला तिथे धड शेगडी तरी आहे का? मीच पोळ्या करून आणते, तू फक्त आमटी कर." काकूंशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

गुरुवार, ४ डिसेंबर

घट बसला. टेबलाचा पलंग होतो, तसा आज टेबलाचा देव्हारा झाला. तांब्याच्या कलशावर पिस्कॅटवेहून आणलेला एकुलता एक नारळ, आंब्याच्या डहाळीऐवजी जूनने दिलेली पाइनची डहाळी, हळदकुंकू फोटोच्या रोलच्या डब्यांत. शेजारी दीपाचं फूटभर ख्रिसमस ट्री. लक्ष्मी ही सांताची बायको का, असं तिने विचारलं. शैलेंद्र हो म्हणाला आणि मी त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं.

साडेचारलाच इथे दिवेलागण होते. आरती संपली आणि दारावर टकटक झाली. पायरीवर एक बाई उभी होती. तिशीची, अंगात फुलाफुलांचा पातळ झगा, वर कोट नाही, केस ओलेचिंब. सगळ्यांच्या सामाईक न्हाणीघरातून तशीच आली असणार. पूजेच्या वेळी दारात आलेल्या सवाष्णीला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, हा आमच्या आईचा कायदा. हिला सवाष्ण आहेस का म्हणून विचारणार कसं? बोटात अंगठी दिसली, म्हटलं तेवढं पुरे. कुंकू लावलं तर कपाळ इतकं गार की मी बोट मागे घेतलं. मग खुणेने झग्याचा घोळ पुढे धरायला सांगितला आणि ओटी भरली. तांदूळ आणि नारळाच्या जागी संत्रं. सोबत वाटीभर शिरा. तिने हे काय म्हणून विचारलंही नाही. हळूच थँक यू म्हणाली आणि तळ्याकडच्या शेवटच्या ट्रेलरकडे गेली. त्याच्यावर निळ्या दिव्यांची माळ आहे.

शैलेंद्र खूप हसला. म्हणाला, उद्यापासून कॅम्पभर बोभाटा होईल की ती इंडियन बाई माणसांना तांदूळ मारते. हसू दे. मला फार बरं वाटलं.

शनिवार, ६ डिसेंबर

सकाळी पायरीवर माझी वाटी! घासूनपुसून, आणि आत लहान मुलाचा लाल लोकरी हातमोजा. शेजाऱ्यांची वाटी रिकामी परत करायची नाही, ही रीत पाळणारी अमेरिकन बाई मी पहिल्यांदाच बघितली. मोजा एकच आहे, पण दीपाच्या हाताला मापून विणल्यासारखा. ओला होता म्हणून हीटरच्या झरोक्यावर ठेवला. संध्याकाळपर्यंत तसाच ओला.

गुरुवार, ११ डिसेंबर

दुसरा गुरुवार. आरतीला ती पुन्हा आली. आज आत बोलावली. नाव कॅरल. कोट आजही नव्हता आणि केस आजही ओले. इतक्या थंडीत रोज काय न्हायचं! पण प्रत्येकाची तऱ्हा. ओटी भरली, वाटीत खीर दिली. सगळा वेळ ती दीपाकडे बघत होती. तिच्या घरी मूलबाळ दिसत नाही, आणि ज्या नजरेने बघत होती त्यावरून हवं असणार. मला तिची कणव आली. आम्हाला दीपा किती नवसासायासांनी झाली ते मला माहीत आहे.

रविवार, १४ डिसेंबर

वाटी आली, दुसरा मोजाही आला. शेजारी छोटे बूट. तेही दीपाला बरोबर बसले. शैलेंद्र म्हणाला, तुम्ही दोघी आता थांबणार आहात का, नाहीतर या गाडीत पाय ठेवायला जागा उरायची नाही. मी म्हटलं, तिने दिलं की मला द्यायलाच हवं, तसंच सोडता येत नाही. तो म्हणाला, हे तिला कोणी सांगितलं? खरंच, तिला हे कोणी सांगितलं असेल?

दीपा झोपतानाही मोजे काढत नाही. तिच्या बिछान्याची चादर सकाळी दमट होती. काचेवर धरणारं पाणी गळत असेल.

गुरुवार, १८ डिसेंबर

आज एक चूक झाली. मनाला चुटपुट लागली आहे म्हणून नीट लिहिते.

आमच्या साताऱ्याच्या घरी मूल नसलेल्या बाईची ओटी भरली की घरातलं लहान मूल क्षणभर तिच्या मांडीवर, त्या तांदळांवरच बसवत. तिचीही कूस उजवावी म्हणून. मग ओटीतले पाच दाणे परत उचलून घ्यायचे आणि मूल उतरवून घ्यायचं. पाच दाणे घेतल्याशिवाय ओटी पुरी होत नाही. आज कॅरल आली, आपण होऊन बसली, मी ओटी भरली, आणि मला काय वाटलं कोण जाणे, मी दीपाला उचललं आणि तिच्या मांडीवर बसवलं. तिचा चेहरा असा उजळला की मला भरून आलं. तिने हळूच विचारलं, "फॉर मी?" मी हसून म्हणाले, "येस, येस, ऑल फॉर यू." पाहुण्याने विचारलं की आपण असंच म्हणतो ना!

तेवढ्यात हीटरची गॅसभट्टी फट् आवाज करून विझली. मी मागे धावले. तिची पायलट ज्योत पेटवायला दोन मिनिटं लागली असतील. परत आले तर कॅरल गेलेली. दीपा एकटी सीटवर बसून होती, आणि तिचा पायजमा मागून ओला होता. दाणे घ्यायचे राहिले.

शुक्रवार, १९ डिसेंबर

पायरीवर आज वाटी नव्हती. लहान मुलाचा लाल स्नोसूट होता, बर्फात घालायचा अंगभर पोशाख, घडी घालून ठेवलेला. उचलला तर जड, पाण्याने भरलेला.

दीपाचं अंग गार आहे. ताप नाही, उलट थर्मामीटर पंचाण्णवच्या वर जात नाही. खेळते, पण खात नाही. दुपारी तिने विचारलं, आपण घरी कधी जायचं. मी म्हटलं, राणी, हेच आपलं घर. ती मला समजावल्यासारखी म्हणाली, नो, दॅट्स युअर हाउस.

शनिवार, २० डिसेंबर

जूनकडे गेले होते. सहज विचारावं तसं कॅरलबद्दल विचारलं. जून पोस्टाची पाकिटं लावत होती, ती थांबली. म्हणाली, त्या टोकाला कुणी राहत नाही. ट्रेलर पाच वर्षांपूर्वी उचलून नेला. कॅरल नावाची बाई तिथे होती खरी. ख्रिसमसच्या दिवशी संध्याकाळी तिची चार वर्षांची मुलगी तळ्यावर गेली. बर्फ वरून घट्ट दिसला तरी पातळ होता. आई तिच्यामागे धावली. आई एप्रिलमध्ये सापडली. मुलगी सापडलीच नाही.

मुलीच्या अंगात काय होतं, हे मी विचारलं नाही. जूननेच सांगितलं.

येताना तळ्याकडे गेले. तिथे नुसता काँक्रीटचा ओटा आहे. त्यावर माझी दोन संत्री होती, न सोललेली, गोठलेली. तिसऱ्यासाठी मी इकडेतिकडे बघितलंसुद्धा नाही, पळत आले. मला भीती वाटते आहे. हे लिहायला लाज कसली?

सोमवार, २२ डिसेंबर

सूट, बूट, मोजे काल कचऱ्याच्या पिंपात टाकले. आज सकाळी दीपाच्या हातांत मोजे होते. तिला विचारलं तर खिडकीकडे बोट.

शैलेंद्रशी कडाक्याचं भांडण झालं. जूनने घाबरवून दिलं म्हणतो. मग दीपाचे पाय हातात धरून बसला. म्हणाला, पंचवीसला शटडाऊनची शिफ्ट संपली की ताबडतोब काकूंकडे जाऊ, नोकरी गेली तर गेली. आजच जाऊ म्हटलं, तर मोटरहोममागून ओढत आणलेली कार रोज त्याच्या क्रूच्या चौघांना नेते आणि ही गाडी ठोकळ्यांवर आहे.

पद्मिनीकाकूंना फोन केला. हसतील वाटलं होतं. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दाणे राहिलेत ना तुझे? मग ती गुरुवारी येईल तेव्हा मागून घे. पाचच घ्यायचे. आणि पोरीला नजरेआड करू नकोस यार, कळलं?" काकू मला यार म्हणाल्या. गुरुवारी सकाळीच निघून येते म्हणाल्या.

बुधवार, २४ डिसेंबर

काल रात्रीपासून पाऊस. पडला की गोठतो. रस्त्यावर काच झाली आहे. जून परवाच मुलाकडे गेली, ऑफिसची किल्ली माझ्याकडे देऊन. अकरातल्या आठ गाड्यांना कुलूप, उरलेल्यांतली माणसं प्लांटवर. शैलेंद्रला तिथेच थांबवून घेतलं आहे. काकूंनी दुपारी ऑफिसच्या आन्सरिंग मशीनवर निरोप ठेवला, बाळकाकांनी आजच गाडी काढली आणि दोनदा खड्ड्यात गेली, कॅन्सल केलं, माफ कर. मी परत फोन लावायला गेले तेव्हा लाइन मेलेली.

ठोकळे काढायचा प्रयत्न केला. पेंढा गोठून दगड झालाय. इंजिन एकदा कुरकुरलं, मग तेही नाही.

दीपा दिवसभर तळ्याकडच्या काचेशी. हाक मारली तर दुसऱ्या हाकेला बघते. पहिल्या हाकेला नाही.

गुरुवार, २५ डिसेंबर

सकाळ — घट बसवला. बसवू नये असं वाटलं होतं. पण ती आली नाही तर दाणे मागू कुणाकडे? सांताने आणलेली बाहुली दीपाने उघडून बघितली नाही.

दोन वाजता — माझ्या साडीचं टोक फाडून तिचं मनगट माझ्या मनगटाला बांधलं. डावा हात तिला, उजवा वहीला. लिहीत राहिले की भान राहतं. शैलेंद्र, तू हे वाचशील. आधी हे वाच — मी तिला दिली नाही. मी फक्त रीत म्हणून —

पावणेचार — निळे दिवे लागले. त्या टोकाला. तिथे वीज नाही.

सव्वाचार — आली. दार उघडलं नाही. काचेतूनच हात जोडले. इंग्रजी सुचेना, मराठीतच मागितले. पाच दाणे द्या हो, पाचच. तिला कळलं. तिने झग्याचा घोळ सोडला आणि सगळं पायरीवर पडलं — तिन्ही गुरुवारांचे तांदूळ, फुगलेले, तिसरं संत्रं, सगळंच. पाच नाही, सगळंच परत. मी दार फटीएवढं उघडून मूठभर उचलले. माझे आहेत. मिळाले. मी मोठ्याने रडले. दीपूला छातीशी धरलं.

ती जात नाही.

साडेचार — उभी आहे. ओढत नाही, ठोकत नाही. माझ्याकडे बघतही नाही. नुसती वाट बघते आहे, शाळा सुटायची बघावी तशी. मला आत्ता कळलं. तिने माझं दिलेलं सगळं परत केलं. माझ्याकडे तिचं — मोजे, बूट — ते मी कुठे परत —

दीपूच्या अंगात सूट आहे. मी घातला नाही. देवा, मी घातला नाही. चेन गळ्यापर्यंत लावली आहे. आणि कोरडा आहे. पहिल्यांदाच कोरडा.

दीपू मनगटाची गाठ सोडवते आहे. रडत नाही, हिसके देत नाही. दातांनी, हळूहळू. मी धरलं आहे. डाव्या हाताने घट्ट धरलं आहे. तिचं मनगट इतकं गार की माझी बोटं —

म्हटलं, दीपू, इकडे बघ, राणी, मी कोण? बघितलं तिने. नीट बघितलं. कुणाच्या घरी गेलं की निघताना मोठ्यांच्या पाया पडायचं, मीच शिकवलंय. वाकली. माझ्या पायांना हात लावला. थँक यू, काकू, म्हणाली. आय हॅव टु गो नाऊ, माय मॉम इज —